वेकसर्फिंग बोटीचा जीपीएस क्रूझ स्थिर का राहत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेकसर्फिंग म्हणजे बोटीने मागे उठवलेल्या लाटेवर फळीवर उभं राहणं, आणि क्रूझ म्हणजे बोटीचा वेग आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा. टेक्सासमधल्या ऑस्टिनला आमची बोट उन्हाळाभर लेक ट्रॅव्हिस नाहीतर लेक ऑस्टिनवर असते. इथल्या आणि इतर राज्यांतल्या बोट घेतलेल्या मराठी मित्रांचे फोन येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "क्रूझ ११ ला लावलंय, पण बोट कधी १०.४ ला जाते, कधी ११.८ ला." मागे दोरी सोडून लाटेवर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक आपल्या आधी कळतो. लाट पायाखालून निसटते आणि तो पाण्यात पडतो. त्या फोनांवर जे सांगत आलो, तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. इथल्या बोटींच्या पडद्यावर वेग ताशी मैलांत दिसतो, म्हणून मीही मैलच वापरले आहेत.

वेग वर-खाली होतोय. सुरुवात कुठून करायची?

वेगाचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा पाहा. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे ठेवा. जीपीएस वेग मोजतो, कंट्रोलर किती रेस द्यायची ते ठरवतो आणि थ्रॉटल (इंजिनाला जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) व इंजिन ती देतात. तिघांपैकी कोण चुकतंय हे आरपीएमवरून कळतं.

आरपीएम स्थिर आहे, इंजिनाचा आवाजही एकसारखा आहे, पण पडद्यावर ११, १२.४, १०.९ असे आकडे सेकंदासेकंदाला उड्या मारतायत? मग बोटीचा वेग खरोखर बदलत नाहीये. बॅलास्ट (लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत भरलेलं पाणी) आणि माणसं धरून पाच-एक टन वजनाची बोट एका सेकंदात दीड मैलाने वाढून पुन्हा तेवढीच कमी होऊ शकत नाही. दोष सिग्नलमध्ये, अँटेनामध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

आरपीएम आणि वेग दोन्ही संथ लयीत वर-खाली होतायत, इंजिन दम घेतल्यासारखं 'घूंऽऽ घूंऽऽ' करतंय? तर कंट्रोलर आधी जास्त रेस देतो, मग घाबरून कमी करतो, असं चाललंय. याचं मूळ बहुतेक वेळा वजनात किंवा सेटिंगमध्ये सापडतं.

आरपीएम चढतो आणि वेग पडतो, अशा वेळी प्रॉपला (बोट ढकलणाऱ्या पंख्याला) पाणी धरता येत नाहीये. प्रॉपवर शेवाळ गुंडाळलंय, पातं वाकलंय किंवा खाली हवा ओढली जातेय. थ्रॉटल पूर्ण उघडूनही आरपीएम चढतच नसेल, तर इंजिनाला तो भार झेपत नाहीये.

आता क्रूझ बंद करा, रेसचं हँडल हाताने एका जागी धरा आणि दोन मिनिटं सरळ रेषेत चालवा. तरीही आरपीएम डुलत असेल तर क्रूझला दोष देऊ नका. इंधन नाहीतर इग्निशन तपासायला हवं.

किती फरक चालवून घ्यायचा?

सरळ रेषेत, शांत पाण्यात, ०.२ मैल इकडे-तिकडे झालं तर मी हात लावत नाही. ०.४ च्या पुढे गेलं की सर्फ करणाऱ्याला त्रास होतोच.

हँडल कितपत पुढे करायचं? क्रूझ लागल्यावर सोडून दिलं तर चालतं ना?

फोनवर मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. बहुतेक यंत्रणांमध्ये तुमचं हँडल म्हणजे कमाल मर्यादा. क्रूझ त्या मर्यादेच्या आत रेस कमी-जास्त करतं, तिच्या वर जात नाही. ११ मैलांना जेवढी रेस लागते तिथेच हँडल थांबवलं, तर वळणावर किंवा वाऱ्यात वेग पडल्यावर क्रूझला वर जायला जागाच उरत नाही. वेग पडलेलाच राहतो, मग हळूहळू येतो, पुन्हा पडतो. हँडल ठरलेल्या वेगाच्या बरंच पुढे न्या आणि क्रूझने पकड घेतली आहे असं पडद्यावर दिसेपर्यंत तिथेच ठेवा. नव्या चालकाला भीती वाटते की बोट सुसाट सुटेल. पकड घेतली असेल तर सुटत नाही. पण माणूस पडला की हँडल स्वतः मागे ओढायचं असतं, हे बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला आधी शिकवा.

जीपीएस वेग मोजतो तरी कसा? फोनवरच्या ॲपशी ताडून पाहिलं तर चालेल का?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवतात. आगगाडी जवळ येताना शिटी बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते, तसाच बदल बोट हलताना त्या सिग्नलच्या कंपनात होतो. रिसीव्हर त्यावरून वेग काढतो. आकाश मोकळं असेल तर सर्फिंगला हवी त्याहून जास्त अचूकता यातून मिळते.

फोनशी ताडून पाहायला हरकत नाही, पण सरासरीच ताडा. ११ मैलांच्या वेगाने बोट सेकंदाला जवळजवळ पाच मीटर जाते. पुष्कळ फोन सेकंदाला एकदाच आकडा बदलतात आणि तो आणखी गुळगुळीत करून दाखवतात. बोटीचा रिसीव्हर सेकंदाला अनेक वेळा मोजतो. दोन्ही आकडे क्षणाक्षणाला जुळावेत ही अपेक्षा ठेवू नका. अर्धा मिनिट पाहिल्यावर फोन ११ च्या आसपास शांत बसला असेल आणि पडदा नाचत असेल, तर बोटीच्या अँटेनाकडे वळा.

अँटेना कुठे असते? तिला काय अडतं?

बहुतेक बोटींत ती एक छोटी चकती असते आणि डॅशच्या खाली किंवा टॉवरवर (बोटीवरच्या उंच चौकटीवर) बसवलेली असते. फायबरग्लासमधून सिग्नल आरामात येतो. धातू आणि कार्बन फायबर मात्र तो अडवतात. बोट घेताना चकती कुठे आहे हे विचारून ठेवा, कारण ती दिसत नाही आणि मग त्याच जागेवर आपण हवं ते ठेवतो. आमच्या मित्रमंडळीत एका बोटीचा वेग सकाळी अगदी शांत आणि न्याहारीनंतर वेडावाकडा व्हायचा. चकतीच्या बरोबर वर, डॅशवर, पोह्यांचा स्टीलचा डबा ठेवलेला होता. डबा उचलला आणि आकडा जागेवर आला.

स्वस्त यूएसबी चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि डॅश कॅमेरे रेडिओ गोंगाट करतात. ते चकतीपासून दूर न्या आणि तपासणी करताना उपटूनच ठेवा. स्पीकरच्या चुंबकावर लोक उगाच संशय घेतात. चुंबकाने होकायंत्र बिघडतं, जीपीएस बिघडत नाही.

उंच कड्यांच्या मधून जाताना सिग्नल एकतर अडतो, नाहीतर खडकावर आपटून उशिरा येतो. युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक पॉवेलवर हा अनुभव येतो. तिथे बोट बदलून उपयोग नाही, जागा बदला.

बॅलास्टचे पंप चालू केले की वेग नाचायला लागतो. काय संबंध?

संबंध विजेचा आहे. आमच्या स्वतःच्या बोटीवर यात मी तीन शनिवार-रविवार घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सकाळी सगळं ठीक असायचं. पंप आणि गाण्यांचा ॲम्प एकत्र सुरू झाले की वेग १०.३ ते ११.९ असा झुलायचा. एका दुकानाने तपासणी न करताच जीपीएसची चकती बदलायला लावली. पैसे गेले, दोष तसाच राहिला. शेवटी इंजिनाचं झाकण उघडून बॅटरीपाशी बसलो. निगेटिव्हच्या जाड काळ्या केबलचा नट बोटाने फिरत होता. साधा पाव फेरा. खालच्या रिंगवर हिरवट पांढरी पूड साचलेली. ती काढून, पॉलिश पेपरने घासून, रिंग चकचकीत करून नट पाना लावून आवळला. त्या दिवसापासून वेग जागेवर आहे.

तुम्ही हे अंदाजाने करू नका, मीटर लावून करा. इंजिन बंद असताना, रात्रभर विश्रांती घेतलेल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सर्फिंगच्या आरपीएमला, पंप चालू ठेवून, १३.५ ते १४.४. तिथे १३ च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर, पट्टा किंवा जोड बघा. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि पंप, ॲम्प सगळं चालवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाट अर्थिंगमध्ये अडली आहे. चालत्या इंजिनाजवळ हे करताना पट्ट्यापासून बाही, केस आणि हात लांब ठेवा.

रिकामी बोट छान चालते. बॅलास्ट भरला की वेग टिकत नाही. पंप तर बंद आहेत.

मग कारण पाण्याच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि ते समजून घेतलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

बोट हळू चालते तेव्हा पाणी कापत जाते. वेगात चालते तेव्हा पाण्यावर उचलली जाऊन सरकते. या दोहोंच्या मधे एक चढ आहे. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणलं की पहिल्या अवस्थेची मर्यादा नॉटमध्ये मिळते. २१ फुटांना ती ६.१ नॉट येते, म्हणजे ताशी ७ मैल. सर्फिंग आपण १० ते १२ ला करतो. बोटीचं नाक वर आणि शेपूट खाली, अशा अवस्थेत ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकलेली असते. आपल्याला हवी ती लाट याच अडकण्यातून तयार होते.

अडचण अशी की चढावर थोडी रेस वाढवली तर वेग वाढण्याऐवजी नाकच आणखी वर जातं. कंट्रोलर आणखी रेस देतो. बोट एकदम चढ ओलांडायला बघते, वेग उसळतो, कंट्रोलर रेस काढून घेतो आणि बोट परत खाली बसते. मघाशी सांगितलेला 'घूंऽऽ घूंऽऽ' आवाज तो हाच.

उपाय साधे आहेत. नाकाकडच्या पिशव्यांत वजन वाढवा किंवा मागून दोघांना उठवून पुढे बसवा. मधला टॅब (बोटीच्या मागच्या काठाला असलेली हलणारी पट्टी) थोडा खाली घ्या. वेग ०.२ किंवा ०.३ ने वर किंवा खाली करून पाहा, कधीकधी तेवढ्याने बोट त्या निसरड्या जागेवरून बाजूला होते. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. बोटीच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा मात्र कुठल्याही लाटेसाठी ओलांडू नका. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, आणि १,८०० लिटर बॅलास्ट म्हणजे एक मोटार पाठीवर घेऊन चालल्यासारखं आहे.

प्रॉप बदलल्याने फरक पडेल का?

थ्रॉटल पूर्ण उघडूनही आरपीएम अडत असेल तर नक्की पडेल. आपल्या प्रॉपचा पिच (एका फेऱ्यात पुढे जाण्याचं माप) मोठा असेल तर इंजिन उंच गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं कण्हतं, आणि कंट्रोलरच्या हातात राखीव काहीच उरत नाही. कमी पिचच्या प्रॉपने वरचा वेग थोडा जातो, पण सर्फिंगला त्याचं काय करायचंय?

उंचीवरच्या तलावांवर हे हमखास लागू पडतं. लेक टाहो समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटरवर आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे टाहोवर जवळपास १८ टक्के. टेक्सासमध्ये गुण्यागोविंदाने चालणारी बोट तिथे नेल्यावर वेग धरत नाही, यात बोटीचा दोष नाही.

लाटेची बाजू (डावी-उजवी) बदलताना दर वेळी वेग पडतो.

एका बाजूचा टॅब आत जातो आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर येतो, तेव्हा पाण्याचा अडथळा क्षणभर बदलतो. दोन-तीन सेकंदांत वेग सावरला तर ते ठीक आहे. एकाच बाजूला असतानाच वेग टिकत नसेल, तर त्या बाजूचा बॅलास्ट खरंच भरलाय का, की पंप हवा ओढतोय, ते पाहा.

पडद्यावर वेग ११ ला अगदी स्थिर आहे, पण लाट जाताना चांगली आणि येताना खराब. असं का?

जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग मोजतो, आणि लाट बनते पाण्याच्या हिशोबाने. मालवणच्या खाडीत ओहोटीला होडी वल्हवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. हात तेवढेच चालतात, पण काठावरचे माड एका दिशेने भराभर मागे जातात आणि दुसऱ्या दिशेने हलतच नाहीत.

लेक ऑस्टिन नावाला तलाव आहे. तो मॅन्सफिल्ड आणि टॉम मिलर या दोन धरणांमधला, टेक्सासच्या कोलोराडो नदीचा पट्टा आहे. वरून पाणी सोडलं की प्रवाह जाणवतो. समजा प्रवाह १ मैलाचा आहे. ११ ला लावून प्रवाहाच्या दिशेने गेलात तर पाण्यातून बोट १० ने चालते आणि उलट दिशेने १२ ने. दोन्हींच्या लाटा वेगळ्याच असणार. क्रूझ बरोबर काम करतंय. खाली जाताना आकडा १२ करा, वर येताना १०, म्हणजे लाट दोन्हीकडे सारखी मिळेल.

ठरावीक जागी गेल्यावरच वेग पडतो, बाकी तलावभर ठीक. जागेला काही असू शकतं?

असू शकतं. खोली पाहा. उथळ पाण्यात लाट एका मर्यादेपेक्षा वेगाने धावू शकत नाही आणि ती मर्यादा खोलीवर ठरते. हिशोब केला तर ११ मैलांचा वेग आणि ही मर्यादा सुमारे अडीच मीटर पाण्यात नेमकी जुळतात. तिथे बोटीला होणारा अडथळा सगळ्यात जास्त असतो. बोट बसते, कंट्रोलर रेस ओततो, पुढे खोल पाणी लागलं की वेग उसळतो. सोनारवर खोली बघत जा आणि चाचणी तरी सहा मीटरपेक्षा खोल पाण्यात करा. तळ ढवळत नाही आणि काठाची मातीही कमी ढासळते. व्हरमाँट राज्याने २०२४ पासून वेकबोटींच्या अशा वापरासाठी काठापासून ५०० फूट अंतर आणि किमान २० फूट खोली बंधनकारक केली आहे. कायदा नसला तरी ही शिस्त मला पटते. काठावर राहणारे लोक आपल्या लाटा रोज सोसत असतात.

वळताना काय करावं?

मोठा वळसा घ्या. आपल्याच मागच्या लाटांवरून बोट गेली तर कुठलंही क्रूझ डगमगेल.

बोट जुनी आहे, क्रूझ केबल ओढून चालतं. तिचं काय तपासायचं?

२ मे २००० पर्यंत नागरी जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत होतं. तो काळ जवळ असलेल्या बोटींत वेग मोजायला तळाशी पाण्यात फिरणारं छोटं चाक किंवा नुसता आरपीएम वापरलेला आढळतो, आणि नंतर कुणीतरी जीपीएस जोडलेला असतो. अशी मिश्र यंत्रणा असेल तर पडद्यावर कुठला वेग निवडलाय ते आधी बघा. चाकात शेवाळ किंवा शिंपल्याचा तुकडा अडकतो, शिवाय बोट बॅलास्टने एका कुशीवर कलली की चाकाखालून हवेचे बुडबुडे जातात.

मग केबल. इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचा दांडा हाताने हलवा. कुठेही अडखळता कामा नये. केबल आत गंजली असेल तर सर्व्हो मोटर ओढते, काही होत नाही, आणखी ओढते आणि मग एकदम झटका बसतो. टोकाच्या गोळीत ढिलाई असेल तर पहिली थोडी हालचाल वायाच जाते. केबल बदलणं कंट्रोलर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आधी तेच करा.

क्रूझ बंद करूनही इंजिन डचमळतं. पुढे काय?

इंधनाचा फिल्टर आणि त्यात साचलेलं पाणी. इथल्या पेट्रोलमध्ये सर्रास १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं आणि हिवाळाभर उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी तळाला बसतं. टाकीची हवेची नळी तुंबली तरी असंच होतं. डचमळत असताना टाकीचं झाकण थोडं सैल करून फरक पडतो का पाहिलं की लगेच कळतं. त्यानंतर प्लग आणि कॉइल. पेट्रोलचं काम करण्याआधी इंजिनाच्या कप्प्यातला ब्लोअर (आतली हवा बाहेर काढणारा पंखा) चालवा आणि वास घेतल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

सेटिंगमध्ये किती खोल जायचं?

सर्फ मोड निवडलाय ना, माणसांचं आणि बॅलास्टचं वजन बरोबर भरलंय ना, एवढं पाहा. वेकबोर्ड किंवा स्कीच्या मोडमध्ये यंत्रणा जास्त तिखट प्रतिसाद देते. झीरो ऑफ या क्रूझ यंत्रणेतली ए, बी, सी आणि १, २, ३ ही अक्षरं-आकडे स्लॅलम (नागमोडी वळणं घेणाऱ्या) स्कीवाल्याच्या ओढीसाठी आहेत, त्यांच्याशी सर्फिंगसाठी खेळू नका. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालून वायरिंगचा दोष जात नाही.

मेकॅनिककडे नेताना काय न्यावं?

दोन मिनिटांचा व्हिडिओ. शेजारी बसलेल्याला फोनवर डॅश असा टिपायला सांगा की आरपीएम, वेग आणि व्होल्ट तिन्ही एकत्र दिसतील, आणि इंजिनाचा आवाजही यावा. त्याबरोबर बॅलास्ट किती, माणसं किती, वारा कसा होता आणि कुठले पंप चालू होते, एवढं चिठ्ठीवर. चाचणीला गेलेल्या मेकॅनिकची बोट रिकामी असते, आणि दोष भरलेल्या बोटीतच दिसतो.

चाचणी करताना मागे माणूस ठेवावा का?

नाही. आधी मागे कुणीही न ठेवता वेग स्थिर करा. मागच्या फळीवर तर कुणालाच बसू देऊ नका. या वेगाला एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या पाठीमागेच घोटाळतो. त्याला वास नाही, रंग नाही. चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून खेळण्यावर कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदा करून बंदी आणली, ती माणसं गेल्यानंतर. आणि सर्फिंग फक्त अशाच बोटीमागे करायचं, जिचा प्रॉप तळाखाली पुढच्या बाजूला असतो. इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत असलेली), किंवा २०१५ मध्ये व्होल्वो पेंटाने आणलेल्या फॉरवर्ड ड्राइव्हसारखी. आउटबोर्डमागे (इंजिन मागे टांगलेल्या बोटीमागे) कधीही नाही, वेग कितीही स्थिर असला तरी.

हिवाळ्यानंतर पहिल्याच दिवशी क्रूझ "सिग्नल नाही" म्हणतंय. अँटेना गेली का?

बहुधा नाही. महिनोन्महिने बंद असलेल्या रिसीव्हरला उपग्रहांची यादी नव्याने उतरवून घ्यावी लागते आणि पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात. बोट छपराखालून बाहेर काढा, चावी चालू ठेवा आणि तोवर लाइफ जॅकेटचे पट्टे तपासून घ्या. वीस मिनिटांनंतरही सिग्नल आला नाही, तर चकतीचा कनेक्टर काढून त्याच्या पिना उजेडात बघा.